खानापुरातल्या शाळकरी मुलांच्या आहारावर पीएच.डी. झाली, पोस्टडॉक कुठे आणि नेमके कशासाठी करावे?

खानापूरची_वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. अन्न व पोषण या विषयातील माझी पीएच.डी. गेल्या वर्षी पूर्ण झाली. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी आणि कन्नड माध्यमांच्या शाळांतील ६ ते १० वर्षांच्या मुलांचा आहार, मैदानी खेळ आणि मोबाइलसमोर जाणारा वेळ असा प्रबंधाचा विषय होता. मोजमापे एकदाच घेतली होती, त्यामुळे आहार आणि वाढ यांचा संबंध दिसला, तरी कारण कोणते आणि परिणाम कोणता हे मला सांगता आले नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमका तोच प्रश्न विचारला गेला. आता अमेरिकेतील काही विद्यापीठांत बालपोषण व निरोगी जीवनशैली या विषयाचे पोस्टडॉक्टरल, म्हणजे पीएच.डी.नंतरचे, संशोधन-प्रशिक्षण दिले जाते असे वाचनात आले. माझे वय ३४ आहे आणि मुलगी दुसरीत शिकते. अशा प्रशिक्षणासाठी मी पात्र ठरेन का, की बेळगाव-पुण्याकडेच प्रयत्न करावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

परतलेला_प्रवासी

ताई, आधी पात्रतेचे पाहू, कारण त्यात अनेकांचे महिने वाया जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, ‘टी ३२’ अनुदानातून चालणाऱ्या प्रशिक्षण जागा त्या देशाचे नागरिक आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेले यांच्यासाठीच असतात. जाहिरातीत ही अट बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते. मात्र त्याच विभागातील एखाद्या संशोधकाकडे स्वतःच्या प्रकल्पाचा निधी असेल, तर तो परदेशी उमेदवाराला पोस्टडॉक म्हणून घेऊ शकतो. तेव्हा विभागाला अर्ज न करता थेट त्या संशोधकाला पत्र लिहावे आणि प्रबंधातील एकच ठोस निष्कर्ष सोबत जोडावा.

युरोपातील मेरी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकास खुली आहे. पीएच.डी.नंतर ८ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि बाळंतपण वगैरे कारणांनी पडलेला खंड या मुदतीतून वगळला जातो. भारतातील राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला ३५ वर्षांची वयोमर्यादा असून महिलांना त्यात ५ वर्षांची सवलत मिळत आली आहे. ही फेलोशिप दोन वर्षांची असते. जाहिरात निघेल तेव्हा अटी पुन्हा वाचाव्यात.

निपाणी_ते_पुणे

पात्रतेपेक्षा मला आपल्या प्रश्नातील हे वाक्य महत्त्वाचे वाटते: मोजमापे एकदाच घेतली होती. उणीव तिथे आहे, आणि पोस्टडॉक ती भरून काढण्यासाठीच करावे. त्याच मुलांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजून मिळालेल्या नोंदींचे विश्लेषण कसे करायचे, मधेच गाव सोडून गेलेल्या मुलांचे काय करायचे, दोन मोजणाऱ्यांच्या नोंदींतील फरक कसा तपासायचा, हे पुस्तकातून येत नाही. ज्या गटाकडे अशा नोंदी आहेत त्याच्याबरोबर बसूनच ते शिकता येते.

असे गट आपल्या दाराशी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्या मातांच्या मुलांचा पुढे कित्येक वर्षे पाठपुरावा केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो होते; तरीही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. लुकडे दिसणारे मूल आतूनही लुकडे असेलच असे नाही हे त्यातून कळले, आणि म्हणून निव्वळ वजन-उंचीच्या गुणोत्तरावर शाळकरी मुलांचे आरोग्य ठरवणे अपुरे पडते. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या सुमारे १० टक्के मुलांत मधुमेहपूर्व स्थिती (रक्तातील साखर नेहमीपेक्षा जास्त, पण मधुमेहाइतकी नाही) आढळली, हेही याच संदर्भात पाहावे.

बेळगावातही जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधक ग्वाटेमाला, काँगो आणि पाकिस्तानातील केंद्रांसह ‘विमेन फर्स्ट’ या चाचणीत सहभागी होते. गर्भधारणेपूर्वीपासून पूरक आहार दिल्यास जन्मतः बाळाच्या लांबीवर काय परिणाम होतो, हे त्यात तपासले गेले.

जाता जाता एक गंमत: २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे, प्रमाण कर्नाटकात ३५.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. आपण ज्या सीमेवर इतकी वर्षे भांडतो, ती मुलांच्या उंचीला ठाऊक नाही.

निवृत्त_प्राध्यापिका

वरील सल्ला योग्यच आहे, पण एक धोका सांगते. सीमाभागातल्या विद्यार्थिनीला मराठी आणि कन्नड दोन्ही येतात, म्हणून मोठ्या प्रकल्पांत तिला हमखास गावोगाव पाठवतात. प्रश्नावलीचे भाषांतर, अंगणवाडीतील कन्नड नोंदी उतरवून घेणे, आयांची समजूत काढणे ही सगळी कामे तिच्याकडे येतात, आणि विश्लेषण व लेखन दुसरीकडे होते. माझ्या एका विद्यार्थिनीने अशी तीन वर्षे काढली आणि शोधनिबंधात तिचे नाव आभारापुरते आले. रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे: नोंदी मला विश्लेषणासाठी मिळतील का, आणि पहिली लेखिका म्हणून माझा एक तरी निबंध ठरलेला आहे का? उत्तर लेखी घ्यावे.

तरीही ही भाषेची जाण कमी लेखू नका. मुलाने काल काय खाल्ले या प्रश्नाला ‘भाकरी’ असे उत्तर आले की ती नाचणीची की जोंधळ्याची हे विचारायचे बाहेरच्या माणसाला सुचत नाही, आणि कॅल्शियमचा सगळा हिशेब तिथेच बदलतो. वाटीचे मापही घरागणिक वेगळे असते. मी तर प्रत्येक घरातली वाटी पाणी भरून मोजायला लावत असे.

खानापूरची_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. अमेरिकेचा विचार तूर्त बाजूला ठेवते. पुण्यातील गटाला लिहिताना, माझ्या प्रबंधातील मुलांचीच आता पुन्हा एकदा उंची-वजने घेता येतील असा प्रस्ताव जोडावा का? बरीचशी मुले अजून त्याच शाळांत आहेत, पण तेव्हाच्या संमतिपत्रात पुन्हा मोजमाप घेण्याचा उल्लेख नव्हता.

निवृत्त_प्राध्यापिका

जरूर जोडा. मात्र नैतिकता समितीची नवी मंजुरी आणि पालकांची नवी संमती घ्यावी लागेल. ७ वर्षांवरील मुलांचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो. १२ वर्षांपर्यंत तो तोंडी चालतो, त्यापुढे लेखी लागतो. आपली मोठी मुले आता त्या उंबरठ्यावर असतील, तेव्हा फॉर्म दोन्ही प्रकारचे आणि दोन्ही भाषांत तयार ठेवा.