मदत हवी आहे: पावसात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. इकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, जून लागला की घरातलं काही म्हणून वाळत नाही. आमच्या मुधोळ कुत्रीच्या गळ्यात रुंद चामड्याचा पट्टा आहे. या जातीचं डोकं निमुळतं, अरुंद पट्टा सहज निसटतो, म्हणून रुंदच लागतो. पण त्यावर पांढरी बुरशी धरते. पुसली तरी पुन्हा येते, आणि कुबट वास जात नाही. तिचे केस अगदी आखूड, त्यामुळे ओल्या पट्ट्याखाली मान लाल होते. ते बघवत नाही.

नायलॉनची दोरी कोमट पाणी आणि कुत्र्यांच्या शांपूने धुते, ती ठीक निघते. चामडं मात्र भिजत घालता येत नाही, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं तर कडक होऊन तडकतं. सध्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत टांगते.

बुरशी मुळापासून जाईल असं काय लावावं? कुत्री पट्टा चाटते, तेव्हा तिला बाधणार नाही असंच सांगा. खोबरेल लावू का? काही जण म्हणतात त्याला पुढे खवट वास येतो. अथणी, निपाणीकडे कोल्हापुरी चपला करणारे कारागीर चामड्याला कोणतं तेल देतात, कुणाला माहीत आहे का? त्यांच्यापैकी कुणी कुत्र्याचे पट्टे शिवून देतात का? बक्कलही गंजलंय, पितळी बसवून हवं आहे.