मदत हवी आहे: मंद्र धैवत घुमतोय. हा रंग (मूळ आवाजात नसलेली भर) स्पीकरचा, खोलीचा की रेकॉर्डिंगचा?

मंद्रसप्तक

माझी खोली १२ × १० फूट, छत साडेनऊ फुटांवर. खाली टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचा. दोन बुकशेल्फ स्पीकर, साडेपाच इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा पडदा), पोर्ट (डब्याचं हवेचं भोक) मागच्या बाजूला. दोन्ही १० फुटी भिंतीलगतच्या टीव्ही युनिटच्या कप्प्यांत, मागे जेमतेम चार इंच जागा. सोफा समोर, रुंदीच्या बरोबर मध्यावर. अँप्लिफायर साधा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा). ऐकणं मुख्यतः ख्याल.

काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीला षड्ज धरणाऱ्या) गायकाचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, शुद्ध धैवत घुमतो, शेजारचा पंचम मात्र ठीक. शिवाय सगळ्याच पुरुष आवाजांना एक जडपणा आहे. काळी चारच्या गायिका ऐकताना यातलं काही जाणवत नाही. ट्यूब अँप्लिफायर (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) लावला की आवाज ‘नैसर्गिक’ होईल असं दुकानात सांगितलं. दोष नेमका कुणाचा हे ओळखायचं कसं? आणि ट्यूबवर पैसे घालावेत का?

खर्जाची तार

अँप्लिफायरला आत्ता हात लावू नका. सूर नेमका सांगितलात, त्यामुळे शोध सोपा झाला.

काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, म्हणजे मंद्र शुद्ध धैवत साधारण ११६. आता खोली बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमधली पहिली अनुनाद वारंवारता (जिच्यावर खोली स्वतःच घुमते ती) काढायची तर ध्वनीचा वेग (३४४ मीटर प्रतिसेकंद) अंतराच्या दुपटीने भागायचा. १० फुटांना ५६ हर्ट्झ येते, साडेनऊ फुटांना ५९. खोली त्यांच्या दुपटींवरही घुमते: ११३ आणि ११९. तुमचा धैवत या दोघींच्या मधोमध सापडलाय. त्यात रुंदीच्या मध्यावर बसलं की ११३ चा जोर सर्वांत जास्त. गायिकेचे सूर इतके खाली उतरतच नाहीत, म्हणून ती सुटते.

पडताळा असा घ्या. पांढरी एकच्या गायकाचं रेकॉर्डिंग लावा. घुमणं आता कोमल निषादावर सरकायला हवं. काळी दोनला ते पंचमावर जाईल. सूर बदलला पण वारंवारता तीच राहिली, तर गायक आणि रेकॉर्डिंग दोघेही निर्दोष.

राहिले खोली आणि स्पीकरचा डबा. पंखा, फ्रिज बंद करा. फोनच्या टोन जनरेटरवरून ११६ हर्ट्झचा सूर एकाच स्पीकरमधून हळू वाजवा आणि कान सोफ्यावर बसल्याच्या उंचीला ठेवून खोलीत फिरा. दोष खोलीचा असेल तर आवाज जागोजागी फुगेल आणि मरेल. डबा वाजत असेल तर डब्याच्या बाजूला टेकवलेल्या बोटांना थरथर कळेल. शोकेसच्या काचा आणि लोखंडी कपाटाचं दारही याच वेळी दाबून बघा, कधीकधी तेच सुरात सूर मिसळत असतात.

जवारी

‘खर्जाची तार’ यांच्याशी सहमत. जडपणाबद्दल थोडं.

स्पीकरचा स्वभाव ओळखायला एकच स्पीकर, मोनो, कप्प्याबाहेर काढून ऐका. स्टिरिओत मध्यभागी भासणारा आवाज दोन स्पीकरांतून दोन्ही कानांवर पोचतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास त्यात खड्डा पडतो. तो दोष स्पीकरच्या माथी मारला जातो. मोनोमध्ये पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता मिसळलेला चाचणीचा आवाज) लावा. धबधब्यासारखी एकसंध सळसळ आली पाहिजे. त्यात ‘ऊ’ ऐकू आला तर २५० हर्ट्झपाशी उंचवटा आहे, ‘ओ’ आला तर ५०० पाशी, ‘आ’ आला तर १००० पाशी, ‘ई’ आला तर ३ ते ४ हजारांपाशी. ख्याल ऐकून जे कळायला दोन दिवस लागतात ते इथे दोन मिनिटांत कळतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांच्या प्रयोगांतही अनुनाद पकडायला पिंक नॉइजच सर्वांत तीक्ष्ण ठरला होता.

मग तंबोरे ऐका, पाच-सहा वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमधले. दोन तंबोऱ्यांची जवारी (तारेचा झणकार) कधीच सारखी नसते: एक खुली, झणझणीत, दुसरी बंद, मऊ. तुमच्याकडे सगळे तंबोरे एकाच घरातले वाटत असतील तर तो एकसारखेपणा यंत्रणेने चढवलेला रंग आहे. रेकॉर्डिंग बदललं की जी यंत्रणा सर्वांत जास्त बदलते, ती तटस्थ. ‘गोड वाटतं’ ही कसोटी मी तरी मानत नाही.

आणि एखाद्याच रेकॉर्डिंगमध्ये आवाज जड असेल तर तो मायक गायकाच्या तोंडाशी असल्यामुळे असू शकतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) मायक जवळ आला की खालचे सूर वाढवतो.

मंद्रसप्तक

केलं. घुमणं पांढरी एकला कोमल निषादावरच सरकलं. ११६ चा सूर सोफ्यावर दणदणीत, बाजूच्या भिंतीपासून अडीच फुटांवर जवळजवळ गायब. कप्प्याबाहेर काढल्यावर पिंक नॉइजमधला ‘ऊ’ गेला. पोर्टमध्ये मोजे कोंबले तर धैवत बसेल का? की भिंतीला फोम लावू?

खर्जाची तार

दोन्ही नको. मोजे पोर्टच्या स्वतःच्या वारंवारतेवर काम करतात, अशा स्पीकरांत बहुधा ४५ ते ६० हर्ट्झवर. दोन इंची फोम ११६ ला दिसतही नाही, फक्त जवारी खाऊन टाकेल आणि खोली आणखी जड वाटेल.

तुम्हाला अडीच फुटांवर जो मुका पट्टा सापडला, स्पीकर तिथेच उभे करा. ११६ ची पाव तरंगलांबी साधारण अडीच फूट, म्हणून सगळीकडे हाच आकडा येतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून वूफर अडीच फूट, म्हणजे आपसात पाच. त्या जागी रुंदीचा अनुनाद स्पीकरला चेतवताच येत नाही. वूफरची उंचीही जमिनीपासून तेवढीच, त्यासाठी २४ ते २६ इंची स्टँड लागेल. मागच्या भिंतीपासूनही अडीच फूट. इथे दोन फुटांवर थांबू नका: भिंतीवरून परतणारा आवाज १४१ हर्ट्झला खड्डा पाडतो आणि नेमका काळी एकचा षड्ज बारीक होतो. अडीच फुटांवर तोच खड्डा ११३ वर उतरतो, जिथे तो आपल्याला हवाच आहे. सोफा स्पीकरपासून साडेपाच-सहा फुटांवर आणा.

एवढ्यावर उरलं तर यूमिक-१ हा मोजणीचा मायक, त्याची कॅलिब्रेशन फाइल आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर. स्वीप (खालून वरपर्यंत सरकणारा चाचणीचा सूर) घ्या, उरलेला उंचवटा ईक्यूने (वारंवारतेनुसार पातळी कमीजास्त करून) तेवढाच कापा. खड्डे भरू नका, तिथे वॉट वाया जातात आणि खड्डा तसाच राहतो. ३०० हर्ट्झच्या वर ईक्यू करून आलेख सपाट करायचा मोह टाळा. चांगला स्पीकर खोलीत मोजला की आलेख वर जाताना हळूहळू उतरतोच. तो सरळ केला की तंबोरा पत्र्यासारखा वाजतो.

तबकडी

ट्यूबचं उत्तर राहिलं. अशा बऱ्याच अँप्लिफायरांचा आउटपुट रोध (इंपीडन्स) २ ओहमच्या आसपास असतो. तुमच्या स्पीकरचा रोध एखाद्या वारंवारतेला ४ ओहम, दुसरीला २० असेल, तर या दोन वारंवारतांच्या पातळीत सुमारे पावणेतीन डेसिबलचा फरक पडेल. हा सरळसरळ रंग आहे, आणि स्पीकर बदलला की तोही बदलतो. आवडला तर जरूर घ्या, पण दुरुस्ती म्हणून नको.

दुकानात तुलना केलीत तर आधी पातळी जुळवा. १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. एकाला २.०० आणि दुसऱ्याला २.०५ आले तरी ०.२ डेसिबलचा फरक झाला, आणि मोठा वाजणारा उगाच ‘जिवंत’ वाटू लागतो.