कोरलमधून इलस्ट्रेटरमध्ये नेताना मराठी मजकूर एडिटेबल कसा ठेवायचा?

मदत हवी आहे. नाशिकला शालिमारजवळ डीटीपीची कामं करतो. लग्नपत्रिका कोरलड्रॉत केली, प्रेसवाल्यांना इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरची फाइल हवी. कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) दिली तर छपाई बिनचूक, पण मुहूर्त १२.३५ चा १२.५३ झाला की ओळ पुन्हा टाइप! एआय (इलस्ट्रेटरची फाइल) एक्स्पोर्टला 'टेक्स्ट' निवडलं, तर जुना नॉन-युनिकोड फॉन्ट त्यांच्याकडे नसल्याने 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) आणलं तर वेलांट्या भलतीकडे; इलस्ट्रेटरमधला साउथ एशियन कंपोजर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावल्यावर त्या जागेवर आल्या, एवढंच समाधान. पीडीएफ करून इलस्ट्रेटरमध्ये उघडली की एकेका ओळीचे चार तुकडे. हे जोडायची सोपी युक्ती आहे का? की एसव्हीजीतून (वेक्टर चित्राच्या फाइलमधून) नेऊ? वधूपक्ष निमंत्रकांत रोज एक काका वाढवतोय, जरा लवकर सांगा.