पहिली बॅडमिंटन रॅकेट, दोन हजारांच्या आत : तुमचे अनुभव लिहा

आमच्या सोसायटीच्या कोर्टावर नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रॅकेट कुठली घेऊ?" जुने खेळाडू मनापासून सांगतात, पण सांगतात ती त्यांच्या हाताला बसलेली रॅकेट. नवशिक्याची गरज वेगळी असते. त्याला जोरदार स्मॅश मारायचा नसतो, फूल (शटल) नेटपलीकडे मागच्या रेषेपर्यंत पोचवायचं असतं. म्हणून ज्यांनी अलीकडे पहिली रॅकेट घेतली, मुलांना घेऊन दिली किंवा दुसऱ्याला निवडायला मदत केली, त्यांनी लिहावं. कंपनीचं नाव जरूर द्या, पण ती रॅकेट का आवडली हे आधी सांगा.

सुरुवात मीच करते. चाळिशीत खेळायला लागले तेव्हा घेतली ती ग्राफाइटची, लवचिक शाफ्टची (म्हणजे मूठ आणि फ्रेम यांमधली दांडी), ४यू आणि जी५. यू म्हणजे वजन. ३यू साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. म्हणजे आकडा वाढला की रॅकेट हलकी. जी हा मुठीचा आकार, आणि बऱ्याच कंपन्यांत तिथेही आकडा मोठा तशी मूठ बारीक. बारीक मुठीवर ओव्हरग्रिप गुंडाळून ती हवी तेवढी जाड करता येते. जाड मूठ बारीक करणं मात्र अवघड. त्यामुळे शंका असेल तर जी५ घ्या.

डोंबिवली

मुलगी दहा वर्षांची, क्लासला नुकतीच घातलीय. घरी अॅल्युमिनियमची फ्रेम आणि स्टीलचा शाफ्ट असलेली जोडी होती. गच्चीवर आम्ही सगळे तिनेच खेळतो आणि अजूनही खेळणार. पण क्लासमध्ये तासभर हात डोक्यावर नेऊन टॉस, म्हणजे उंच लांब फटके, मारायचे म्हटल्यावर तिचा खांदा दुखायला लागला. सरांनी रॅकेट हातात घेऊन लगेच सांगितलं, हिला वजन झेपत नाहीये. मग योनेक्सची नॅनोरे लाइट १८आय घेतली, ७७ ग्रॅमची, पूर्ण ग्राफाइट. खांद्याची तक्रार थांबली. मुलांसाठी घेणाऱ्यांना एकच सांगेन, रॅकेट मुलाच्या हातात देऊन दुकानातच चार-पाच वेळा डोक्यावरून फिरवायला लावा. मनगट लटकलं तर ती जड आहे.

रत्नागिरी

इथल्या खाऱ्या हवेत स्टीलच्या शाफ्टला गंज धरतो. फ्रेम आणि शाफ्ट जिथे जोडलेले असतात तो सांधा आधी सैल होतो आणि रॅकेट मारताना खुळखुळ वाजते. ग्राफाइटला हा त्रास नाही. अंगणात वाऱ्यात खेळणार असाल तर प्लॅस्टिकचं फूल घ्या, पिसांचं तिथे टिकत नाही.

नागपूर

मी गटिंग करतो, म्हणजे रॅकेटला धागे ताणून बसवतो (हा ताण पाउंडांत मोजतात), त्यामुळे रोज वेगवेगळ्या रॅकेटी हातातून जातात. नवशिक्यांनी विचारायचा प्रश्न "रॅकेट कुठली" एवढाच नाही, "गटिंग किती पाउंडांवर" हाही आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

पोरं येतात आणि म्हणतात, काका, २८ करून द्या, शाफ्टवर ३० लिहिलंय. शाफ्टवरचा आकडा म्हणजे फ्रेम कुठवर ताण सोसेल त्याची मर्यादा. तेवढा ताण द्यावा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ताण कमी असला की जाळी आत दबते आणि फुलाला मागे ढकलते, म्हणून कमी जोरात फूल लांब जातं. शिवाय फूल नेमकं मधोमध लागलं नाही तरी फटका बऱ्यापैकी बसतो. ताण वाढवला की सगळी ताकद हातातून काढावी लागते आणि चुकलेल्या फटक्याचा हादरा कोपरापर्यंत जातो. नवशिक्याला २० ते २२ पाउंड पुष्कळ झाले. धागा बीजी ६५ सारखा, ०.७० मिलिमीटरचा घ्या. तो टिकतो. बारीक धाग्यांचा आवाज छान येतो, पण ते लवकर तुटतात आणि दर वेळी गटिंगचे पैसे जातात.

आणखी एक. एक धागा तुटला की उरलेले तसेच ठेवून रॅकेट कोपऱ्यात उभी करू नका. फ्रेमवर एका बाजूने ओढ राहते आणि ती वाकते. कात्री घ्या, मधल्या धाग्यांपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला सगळे कापून टाका, मग आमच्याकडे आणा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही रॅकेट ठेवू नका. चांगल्या रॅकेटी या दोन कारणांनी वाया गेलेल्या पाहिल्या की जीव तुटतो.

सांगली

माझं वय आता पंचाहत्तरीच्या पुढे. आमच्या वेळी रॅकेट लाकडाची. खेळ झाला की ती लाकडी चौकटीत घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळायचे, नाहीतर पावसाळ्यात फ्रेम पिळवटायची. आमच्या सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली आजच्या मलेशियात क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकली, परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि तो काळ लाकडी रॅकेटचाच. आज नातवाच्या हातातली दीड हजारांची रॅकेट त्या काळच्या उत्तम रॅकेटपेक्षा किती तरी हलकी आहे. म्हणून स्वस्त घेतोय याचा संकोच मुळीच बाळगू नका. नाटेकरांचं नाव व्हायचं ते नेटजवळच्या नाजूक फटक्यांमुळे, आणि ते मनगटात असतात.

पुणे

वरच्या बहुतेक मतांशी सहमत, पण हलक्या वजनाबद्दल थोडा मतभेद. मी बरीच वर्षं क्रिकेट खेळलो, हात भारी झालेला. ५यू हातात घेतली तर ती कुठे फिरतेय तेच कळेना. ३यू घेतली, समतोल वजनाची, म्हणजे डोकंही जड नाही आणि मूठही नाही, आणि फटक्याला वेळ मिळायला लागला. दुसऱ्या खेळातून येणाऱ्यांनी दोन्ही वजनं हातात घेऊन पाहावी. डोक्याकडे जड असलेल्या रॅकेटी मात्र सुरुवातीला नकोतच. स्मॅश जोरात बसतो, पण बचावाला रॅकेट वेळेवर वर येत नाही, आणि दुहेरीत नवशिक्याचा बहुतेक वेळ बचावातच जातो.

ठाणे

मी लहान मुलांना शिकवते. पालक तीन-चार हजारांची रॅकेट आणतात आणि मूल रस्त्यावर पळायचे बूट घालून कोर्टावर येतं. त्या बुटांचा तळ उंच असतो, बाजूला झेप घेताना पाय मुरगळतो. बजेट ठरलेलं असेल तर रॅकेट बाराशे-पंधराशेची घ्या आणि उरलेले पैसे कोर्टवर डाग न पाडणाऱ्या, सपाट रबरी तळाच्या बुटांवर घाला. फुलं नायलॉनची चालतील. त्यांच्यावरचा रंग बघून घ्या, हिरवा पट्टा म्हणजे संथ, निळा मध्यम, लाल वेगवान. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा विरळ होऊन फूल लांब जातं, तेव्हा हिरवंच बरं.