हार्डटॉपच्या रबराखाली रंग जातोय. फिल्म, टेप की आणखी काही?

रंकाळा१०७
गाडी मर्सिडीज ४५० एसएल (आर१०७), पांढरा टूके (हार्डनर मिसळून मारलेला) रंग, काम जुनं नाही. पावसाळ्याआधी हार्डटॉप (काढता येणारं कडक छत) बसतो, दिवाळीनंतर निघतो. यंदा काढल्यावर मागच्या डेकवर (सीटमागच्या पत्र्यावर, जिथे टॉप टेकतो) रबराच्या रेषेत चमक गेलेली, दोन्ही कोपऱ्यांत करडे ओरखडे आणि एका जागी पिवळट डाग. रबर नवीन आहे. पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावावी का? की मास्किंग टेप पुरेल? रबराला व्हॅसलीन चालेल का?

उद्यमनगरी
मास्किंग टेप अजिबात नको. कागद पाणी धरून ठेवतो आणि उन्हात तिचा गोंद रंगावर भाजून बसतो. फेल्ट कापडाचंही तेच, ओलं राहतं आणि खाली फोड येतात. पीव्हीसी इन्सुलेशन टेपमधलं प्लॅस्टिसायझर (टेप मऊ ठेवणारं रसायन) रंगात उतरतं.

ओरखडे रबराचे नाहीत, रबराखाली अडकलेल्या धुळीचे आहेत. गाडी खड्ड्यांतून जाताना बॉडी पिळते, टॉप किंचित सरकतो आणि धूळ रंगावर घासते. आपल्याकडे त्यात गाळप हंगामातली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख मिसळते. तिच्यात सिलिका भरपूर असते आणि हंगाम संपला तरी फटींत बसून राहते.

पीपीएफच लावा, २०० मायक्रॉनची टीपीयू (लवचिक प्लॅस्टिकची). आधी रबर नेमकं कुठे टेकतं ते शोधा. रबरावर टाल्कम पावडर चोळा, टॉप बसवा, लॉक करा, उचला. डेकवर ठसा मिळतो. (रांगोळी वापरू नका, तिचे कण रंगाला चरे पाडतात.) ठशापेक्षा दोन्ही बाजूंना ५-६ मिमी जास्त ठेवून ट्रेसिंग पेपरवर साचा काढा आणि फिल्म गाडीबाहेर कापा, ब्लेड रंगावर नको. कोपरे गोल ठेवा. फिल्मची कड रबराच्या ओठाखाली आली तर तिथेच धूळ साचते आणि कड उचलते.

आधी धुणं, मग क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी माती), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसणं. फिल्म सरकवायला लिटरभर पाण्यात बेबी शॅम्पूचे चार-पाच थेंब. कडा चिकटवायला एक भाग अल्कोहोल, चार भाग पाणी. टॉप ४८ तासांनीच ठेवा. घाई केली तर खालचं पाणी निघत नाही आणि रबर फिल्म ओढून नेतं.

गिअरबॉक्स
कोपऱ्यांतच ओरखडे म्हणजे तिथे दाब जास्त आहे. चलनी नोट रबराखाली ठेवून लॉक करा आणि ओढा. सगळीकडे सारख्या ताकदीने, थोड्या अडकत निघायला हवी. कुठे फाटायला आली तर तिथला लॉक सैल करा, कुठे सहज निघाली तर तिथून पाणी येणार. फिल्म लावल्यावर हे पुन्हा तपासा. बसवताना दोघांनी टॉप सरळ खाली उतरवा, डेकवर टेकवून पुढे-मागे ढकलायचा नाही.

पॉलिशवाला_शाहूपुरी
पिवळा डाग धुळीचा नाही. रबरातली तेलं आणि अँटीऑक्सिडंट रंगात झिरपतात. नवीन रबरातून ती जास्त सुटतात आणि पांढऱ्या रंगावर लगेच दिसतात. बारीक पॉलिशने वरवरचा डाग जाईल. खोल गेला असेल तर घासत बसू नका, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) पातळ होईल. फिल्मवरही डाग पडू शकतो, पण फिल्म बदलता येते.

व्हॅसलीन नको. ही रबरं बहुधा ईपीडीएमची (एक कृत्रिम रबर) असतात, पेट्रोलियमने फुगतात आणि मऊ पडतात. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, उरलेलं पुसून काढा. मात्र त्या भागाचं रंगकाम व्हायचं असेल तर सिलिकॉन लांब ठेवा. पृष्ठभागावर राहिलं की नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

रंकाळा१०७
रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजवर डेक १४० मायक्रॉन दाखवतो, पण उजव्या कोपऱ्यात ३२०. तिथे फिल्म काढताना रंग निघेल?

उद्यमनगरी
निघू शकतो. ३२० म्हणजे जुन्या थरावर नवा थर, किंवा मध्ये पुट्टी. पकड कुठे कच्ची आहे ते गेज सांगत नाही. त्या कोपऱ्यात फिल्मचा वेगळा तुकडा लावा, म्हणजे बाकी पट्टीला हात न लावता तो काढता येईल. काढताना हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतकी गरम करा आणि स्वतःवर दुमडून, रंगाला जवळपास समांतर, हळू ओढा. सरळ वर ओढली की कच्चा थर सोबत येतो. रंगावर आधीच फोड असेल तर फिल्म नकोच. आधी तो पत्र्यापर्यंत घासा, गंज असेल तर काढा आणि इपॉक्सी प्रायमरपासून काम करून घ्या.

आणि दिवाळीपर्यंत थांबू नका. श्रावणात उघडीप मिळाली की टॉप उचला, रबर आणि डेक दोन्ही ओल्या मायक्रोफायबरने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.