विषय: इंटरव्ह्यूत ‘तुमचा वीकनेस काय?’ – काय सांगायचं?

प्रेषक: सायली (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या वर्गणीची आठवण नाही, घाबरू नका. ईएडी (इथे काम करायचा परवाना) हातात आलं आणि एका बँकेत बिझनेस अ‍ॅनालिस्टसाठी बोलावणं आलंय. गुरुवारी, तिघांचं पॅनल. पुण्यात हेच काम करत होते, पण मुलगा झाला, इकडे आलो आणि मोठा खंड पडला. बाकी तयारी होतेय, पण ‘तुमचा एखादा वीकनेस सांगा’ इथे गाडी अडते. नवरा म्हणतो, सांग मी परफेक्शनिस्ट आहे म्हणून. मैत्रीण म्हणते, इंग्रजी उच्चारांचं सांग. आणि ही गॅपच वीकनेस म्हणून आपण होऊन सांगून टाकावी का? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

सायली

प्रेषक: मंदार

परफेक्शनिस्टच सांग गं. सगळे तेच सांगतात, कुणी खोदून विचारत नाही. ‘काम हातात घेतलं की मला वेळेचं भान राहत नाही’ असं सांगून मी नोकरी मिळवली आहे. यावर बायकोचं मत कृपया मागू नये.

प्रेषक: अनघा

मंदार, तुला नोकरी त्या उत्तरामुळे नाही, ते उत्तर देऊनही मिळाली असणार.

सायली, मी आमच्याकडे पॅनलवर बसते. सगळ्यांना तेच प्रश्न, समोर गुणांचा तक्ता, ऐकता ऐकता टिपणं काढायची आणि नंतर ती इतरांसमोर वाचून दाखवायची. ‘परफेक्शनिस्ट’ ऐकलं की माझं पेन थांबतं, कारण लिहिण्यासारखं काही मिळालेलंच नसतं. मग मी विचारते, ‘असं शेवटचं कधी झालं?’ पाठ केलेलं उत्तर इथेच गडबडतं. बरीच हुशार माणसं छताकडे बघू लागतात.

उच्चारांचं अजिबात सांगू नकोस. तो तुझ्या कामातला दोष नाही, आणि समोरच्याच्या डोक्यात नसलेली शंका तूच पेरशील. गॅपचंही तेच. ती रेझ्युमेत दिसतेच आहे. विचारलं तर एका वाक्यात सांगायचं: मुलगा लहान होता, काम करायची परवानगी नव्हती, आता आहे. पुढचा विषय. माफी मागितल्यासारखा सूर नको. एच-४ वाल्यांना, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदारांना, मे २०१५ पर्यंत परवानगी मिळायची सोयच नव्हती आणि आजही जोडीदाराचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्याला पोचल्याशिवाय ती मिळत नाही. एवढ्या मोठ्या बँकेच्या एचआरला हे काही नवीन नसणार.

सांगायची ती कामातली एखादी खरी सवय. मात्र नोकरीच्याच मुळावर येणारी नको. अ‍ॅनालिस्टने ‘माझ्या नजरेतून बारकावे सुटतात’ म्हटलं की मुलाखत तिथेच संपली.

तुझं एक सांगते, रागावू नकोस. तुला नाही म्हणता येत नाही. मागच्या दिवाळीतली जेवणाची नोंदणी आठव. केटररला आकडा कळवून झाला होता, तरी ‘आमची आणखी दोन पानं वाढवा’ अशा मेल येत राहिल्या आणि तू प्रत्येकाला ‘हो, या ना’ लिहीत राहिलीस. शेवटच्या पंगतीला श्रीखंड पुरवताना वाढणाऱ्यांच्या तोंडाला फेस आला. यंदा तू फॉर्म मंगळवारी रात्री बंद केलास, उशिरा जागे होणाऱ्यांची वेगळी यादी ठेवलीस आणि केटररचा होकार आल्याशिवाय कुणालाच हो म्हटलं नाहीस. हेच तुझं उत्तर आहे! ‘अजून एकच फील्ड घाला ना’ म्हणणारे बँकेतही असतात. अ‍ॅनालिस्टचं निम्मं आयुष्य त्यांना तोंड देण्यात जातं. पुण्याच्या प्रोजेक्टमध्येही असं झालंच असणार. तिथलं उदाहरण मुख्य ठेव, आणि ‘अलीकडचं सांगा’ म्हणाले तर मंडळाचं. स्वयंसेवी काम इथे लोक मनापासून ऐकतात.

अनघाताई

प्रेषक: श्रीकांत

अनघा, पूर्ण पटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही पुष्कळ माणसं निवडली आणि हा प्रश्न विचारणं केव्हाच सोडून दिलं. घरी तालीम कोणी केली आहे एवढंच त्यातून कळतं. त्याऐवजी मी विचारायचो, ‘मागच्या साहेबांनी रिव्ह्यूमध्ये काय सुधारायला सांगितलं होतं?’ सायली, प्रश्न असा फिरवून आला तर गोंधळू नकोस, उत्तर तेच चालेल.

एक मात्र बजावून सांगतो. आपली माणसं एकदा खरं बोलायला लागली की थांबत नाहीत. पाठ दुखते, शुगर आहे, रात्री झोप लागत नाही, सगळं बाहेर येतं. तब्येतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्टनुसार ऑफर देण्याआधी आजार-अपंगत्वाबद्दल विचारायला कंपन्यांना मनाई आहे. मग आपण होऊन सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पगाराचंही तसंच. न्यू जर्सीत जानेवारी २०२० पासून आधीचा पगार विचारता येत नाही. तेव्हा पुण्यातल्या रुपयांचे डॉलर करून सांगत बसू नकोस.

श्रीकांतकाका

प्रेषक: सायली

अनघाताई, राग कसला, खरंच आहे ते. काका, तब्येतीचं लक्षात ठेवते. मसुदा केलाय, बोलणार इंग्रजीतच, इथे मराठीत लिहिते:

‘समोरची व्यक्ती वरिष्ठ असली की मी बदलाला मीटिंगमध्येच हो म्हणून टाकते. पुण्यात एका विमा प्रोजेक्टमध्ये त्यामुळे टेस्टिंगचा आठवडा वाया गेला. तेव्हापासून प्रत्येक बदल मी जिरामध्ये (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) तिकीट करून टाकते आणि डेव्हलपरचा अंदाज आल्याशिवाय तारीख देत नाही. आता माझी ही सवय पूर्ण गेली आहे.’

प्रेषक: अनघा

छान झालंय, फक्त शेवटचं वाक्य खोड. सवय पूर्ण गेली असेल तर वीकनेस उरला कुठे? त्याऐवजी म्हण, ‘अजूनही मोठ्या साहेबांपुढे तोंडात हो येतो, म्हणून मी संध्याकाळपर्यंत कळवते म्हणून वेळ मागून घेते.’ आणि ‘आठवडा वाया गेला’ हे फार मोघम वाटतं. कुठला बदल होता, कोण शनिवारी येऊन बसलं, रिलीज पुढे गेलं की नाही, हे तयार ठेव. मी पॅनलवर असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

काका, प्रश्न वाईट आहे हे मान्य. पण गुरुवारी ती बँक तुम्हाला विचारून प्रश्न ठरवणार नाही ना!

सायली, बुधवारी रात्री नऊनंतर झूमवर ये, उलटतपासणी घेते. मंदार, तूही ये. थापा ओळखायला अनुभवी माणूस हवा.

प्रेषक: मंदार

येतो. कॅमेरा बंद ठेवला तर चालेल का? तेव्हा भांडी घासायची पाळी माझी असते.