पूर ओसरला की देणग्याही ओसरतात. तयारीसाठी आणि राहिलेल्या घरांसाठी पैसा कसा उभा करायचा?

नदीकाठ

नमस्कार. आमची वस्ती नदीच्या वळणावर आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात एकशे चाळीस घरांत पाणी शिरलं. तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनी मिळून मदत समिती स्थापन केली, रीतसर नोंदणी केली, बँकेत खातं उघडलं. सचिव म्हणून काम मी पाहते.

तेव्हा पैसे मागावेच लागले नाहीत. पहिल्या आठ दिवसांत जेवढं जमलं, तेवढं त्यानंतरच्या तीन वर्षांत मिळूनही जमलेलं नाही. कपडे इतके आले की ते निवडायला दोन खोल्या आणि सहा बायका लागल्या.

आजची स्थिती सांगते. सहा घरं अजून पुरी झालेली नाहीत. त्यातल्या एकाच्या भिंती उभ्या आहेत, पण वर ताडपत्रीच आहे आणि ती दर पावसाळ्याला बदलावी लागते. त्या घरातली मुलगी पाऊस सुरू झाला की दप्तर उचलून शेजारी जाते, कोणी सांगावं लागत नाही. आमच्याकडे एक रबरी बोट आहे. मागच्या महिन्यात ती फुगवून पाहिली, तर अर्ध्या तासात एका बाजूने बसली. लाइफ जॅकेट अकरा, त्यातल्या चारांचे पट्टे तुटलेले. वीस मुलामुलींना बचावाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यायचंय.

हे घेऊन मी दारोदार जाते तेव्हा लोक चांगलं बोलतात, चहा देतात आणि म्हणतात, "यंदा तर पाणी आलंच नाही ना?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नाही. ज्यांनी असा निधी उभा केलाय त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

---

जुना खजिनदार

ताई, मी अशाच एका समितीचा हिशोब अकरा वर्षं सांभाळला. आमच्याकडून झालेली सर्वांत मोठी चूक आधी सांगतो, कारण तुमच्याकडेही बहुधा तीच झालेली असणार.

आमच्या पावतीवर छापलेलं होतं, "पूरग्रस्तांच्या मदतीसाठी". पाच महिन्यांनी धान्य-औषधांची गरज संपली आणि खात्यात बरीच रक्कम उरली. आम्ही ती पडलेल्या भिंती बांधायला वापरायचं ठरवलं. एका देणगीदारांनी भर सभेत उठून विचारलं, "मी उपाशी माणसाला जेवण मिळावं म्हणून दिले होते. तुम्ही विटा कशा घेतल्या?" मला राग आला होता. घरी जाऊन पावतीपुस्तक पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं की त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

मोठ्या संस्थांनाही हा पेच पडतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेकडे इतका पैसा आला की जानेवारीच्या सुरुवातीलाच त्यांनी जाहीर केलं, त्सुनामीसाठी आता पुरे. मग ज्यांनी आधीच दिले होते त्यांना विचारलं, हे पैसे दुसऱ्या संकटांत वापरले तर चालेल का? बहुतेकांनी हो म्हटलं. देणाऱ्याला स्पष्ट विचारलं तर तो सहसा नाही म्हणत नाही. न विचारता वळवलं की मात्र एक माणूस दुखावतो आणि त्याच्यामागे दहा जण जातात.

म्हणून आम्ही पावती बदलली आणि खात्याची तीन शीर्षं केली: तातडीची मदत, घरांची उभारणी, पुढच्या वेळची तयारी. देणगीदार हवं तर एकावर खूण करतो, नाहीतर "समिती ठरवेल तसं" यावर करतो. बहुतेक जण शेवटच्यावरच करतात. ही पावती आत्ता, कोरडं असताना छापून ठेवा. पाणी आलं की ते काम कोणाला सुचत नाही, आणि पैसा तर त्याच आठ दिवसांत येतो. तयारीचा पैसा कोरड्या दिवसांत गोळा होतो या समजुतीत आम्ही पाच वर्षं घालवली. तो थोडासाच होतो. मोठा हिस्सा पुराच्याच आठवड्यात येतो, फक्त तो पुढे नेण्याची संमती तेव्हाच घ्यावी लागते.

आता "यंदा पाणी आलंच नाही" याबद्दल. बोलून काही होत नाही. त्यांना बोट दाखवा. आम्ही सराव ठेवला आणि देणाऱ्यांना बोलावलं. त्यांच्यातल्याच एका गृहस्थांना जॅकेट घालायला दिलं, पट्टा हातात आला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने नव्या जॅकेटांचा खर्च उचलला. "आपत्तीपूर्व सज्जता" असा फलक लावून आम्हाला वर्षभरात जे मिळालं नव्हतं ते त्या एका तुटक्या पट्ट्याने मिळालं. मागताना "निधी" म्हणून मागू नका, वस्तूचं नाव घेऊन मागा: हा दोर, ही बोटीची दुरुस्ती, या छताचे पत्रे.

घरांच्या बाबतीत एक. पैसे एकदम हातात देऊ नका, टप्प्याने द्या. नेपाळमध्ये एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारी अनुदान तीन हप्त्यांत दिलं गेलं. पाया झाला, तपासणी झाली की पुढचा हप्ता, आणि घर बांधायचं ते मालकानेच. आम्ही छोट्या प्रमाणावर तसंच केलं. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, आणि ते फोटो त्या घरासाठी पैसे देणाऱ्याला पाठवायचे. आपण दिलेल्या पैशाची भिंत उभी राहिलेली पाहिली की माणूस दुसऱ्यांदा आपणहून देतो.

खात्यावर दोन सह्या ठेवा आणि दर महिन्याचा जमाखर्च सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. शून्य जमा असेल त्या महिन्याचाही.

---

दुसरी पाळी

खजिनदार काकांचं पटलं, तरी माझं थोडं वेगळं मत मांडते. मी बचावपथकात आहे. पैशाच्या आधी माणसं मोजा.

१९७० च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन ते पाच लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यानंतर १९७२ मध्ये तिथे रेड क्रॉसच्या साथीने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. त्यात स्वयंसेवक गावातलेच. इशारा आला की ते झेंडे लावतात, भोंग्यावर ओरडत घरोघर फिरतात, म्हाताऱ्यांना निवाऱ्यापर्यंत पोचवतात. आज असे ७० हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका. २००७ मध्ये सिद्र आलं, तेही अतितीव्र वादळ होतं. मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास झाले. साडेतीन हजार हा आकडाही लहान नाही, पण लाखांवरून तो इथवर आला. निवारे बांधायला पैसा लागलाच, मात्र दार वाजवणारं माणूस नसतं तर त्या निवाऱ्यात गेलं कोण असतं?

म्हणून नदीकाठ ताई, आधी एक वही करा. कोणाकडे ट्रॅक्टर, कोणाकडे जनरेटर, सुतार कोण, नर्स कोण, पोहता कोणाला येतं, अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात. यादीतल्या निम्म्या गोष्टी विकत घ्याव्याच लागणार नाहीत. आणि ज्याने आपलं नाव वहीत लिहिलं तो पुढे पैसेही देतो, कारण समिती आता त्याचीही झालेली असते.

दुसरं, ती सहा घरं का राहिली ते एकदा नीट बघा. आमच्याकडे मागे राहिली ती भाडेकरूंची आणि ज्यांच्याकडे जागेचा कागद नव्हता त्यांची. सगळी मदत "मालकाला" मिळत गेली आणि ही माणसं प्रत्येक यादीतून गळत गेली. तसं असेल तर नुसता निधी वाढवून उपयोग नाही, आधी तुमचा नियम बदलावा लागेल.

---

पाणीपातळी

मी प्रस्ताव लिहायचं काम करतो, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. तयारीला पैसा मिळत नाही ही अडचण तुमच्या एकट्या वस्तीची नाही. २०१० ते २०१९ या काळात आपत्तींसाठी देशोदेशी जी सुमारे १३३ अब्ज डॉलरची मदत गेली, त्यातले जेमतेम साडेपाच अब्ज आपत्तीआधी धोका कमी करायला होते. ताई, तुमच्या दारोदार जाण्यात काही कमी नव्हतं.

माझा सल्ला: सामान्य देणगीदाराकडे घरांसाठी जा. तयारीसाठी त्यांच्याकडे जा ज्यांचं पाणी आल्यावर नुकसान होतं: दुकानदार, कारखाने, शाळा चालवणारी संस्था, स्थानिक प्रशासन. गेल्या पुरात काम किती दिवस बंद होतं, माल किती भिजला, हे त्यांनाच विचारा आणि तोच आकडा अर्जात पहिल्या ओळीत लिहा. प्रशासनाकडे अंदाजपत्रक बनायच्या आधी जा. नंतर गेलात तर पुढचं वर्ष.

आणि एक नियम लिहून ठेवा: नदीची पातळी अमुक खुणेला लागली की अमुक रक्कम सभा न घेता खर्च करता येईल. २०२० मध्ये बांगलादेशात पुराच्या अंदाजावरून संयुक्त राष्ट्रांनी पाणी शिखराला पोचायच्या आधीच निधी सोडला आणि लोकांच्या हातात रोख रक्कम वेळेत पडली. वस्तीच्या पातळीवरही हे जमतं, फक्त खूण आणि रक्कम आधी ठरलेली हवी.

---

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वाचलं आणि सकाळी जुनं पावतीपुस्तक काढलं. आमच्याही पावतीवर "पूरग्रस्तांच्या मदतीसाठी" एवढंच आहे.

दुसरी पाळी, तुमचा प्रश्न वाचून यादी पुन्हा पाहिली. सहापैकी चार घरं अशी आहेत की त्यांच्याकडे जागेचा कागद नाही. मी तीन वर्षं हे "पैसे कमी पडले" म्हणून लिहीत आले होते. येत्या सभेत हा विषय पहिला घेते.

खजिनदार काका, पावतीवरची ओळ नेमकी कशी होती ते सांगाल का?

---

जुना खजिनदार

ही घ्या: "माझी देणगी तातडीची मदत, घरांची उभारणी किंवा पुढच्या आपत्तीची तयारी यांपैकी समिती ठरवेल त्या कामासाठी वापरण्यास माझी संमती आहे." खाली देणाऱ्याची सही. सहीची जागा मोठी ठेवा, पावसात उभं राहून सही करावी लागते. आणि कार्बनचा कागद वापरू नका, ओला झाला की दोन्ही प्रती जातात. आम्ही पावत्यांचे फोटो त्याच संध्याकाळी दोन जणांच्या फोनमध्ये ठेवत होतो.

त्या चार घरांचं सभेत काय ठरलं ते इथे जरूर लिहा.